‘मिलिंद’चा अर्थ भुंग्यापाशी संपत नाही

१/
बाळांची नावे सुचवणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत आणि ॲपवर ‘मिलिंद’ या नावापुढे एकच शब्द छापलेला असतो : भुंगा. एकवीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा, पाली भाषेतील एक अजोड संवादग्रंथ आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राने घेतलेला एक मोठा निर्णय, हे सारे त्या एका शब्दाखाली गाडले जाते. हा धागा त्या गाडलेल्या अर्थाविषयी. #थ्रेड #इतिहास

२/
या नावाबाबत तीन चुकीची मते प्रचलित आहेत. पहिले : हा निव्वळ संस्कृत शब्द असून अर्थ भुंगा, ग्रीक संबंध ही ओढाताण. दुसरे : हे परकी आक्रमकाचे नाव, ते मराठी मुलाला कशाला? तिसरे कोणी उघड बोलत नाही, पण आचरतात पुष्कळ जण : नाव ऐकले की आडनाव न विचारताच जात ठरवून मोकळे होणे. तिन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत. एकेक करून पाहू.

३/
सुरुवात बेलापूरपासून. दौंड–मनमाड लोहमार्गावर ‘बेलापूर’ नावाचे स्थानक आहे. तेथे उतरणारा प्रवासी मात्र श्रीरामपूर शहरात पाऊल ठेवतो. खुद्द बेलापूर गाव तेथून काही अंतरावर, प्रवरेच्या काठी वसलेले आहे. नाव एका गावाचे, वस्ती दुसऱ्याची. स्थळनावे अशी जागा बदलतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. व्यक्तिनावे तर त्याहून दूरचा प्रवास करतात, आणि याच परिसरात त्याचे दाखले हाताशी आहेत.

४/
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. बेलापूरजवळच्या हरेगावी दरवर्षी मतमाउलीची यात्रा भरते. मुस्लिम वस्ती या भागात शतकानुशतकांची, आणि आंबेडकरी चळवळीची मुळेही येथे खोल. अशा गावच्या शाळेच्या हजेरीपटावर सिकंदर, अँड्र्यू आणि मिलिंद ही नावे लागोपाठ आली तर नवल नाही. नावे वाचणारा लगेच तीन धर्म मोजतो. भाषेचा अभ्यासक मात्र एकच गोष्ट नोंदवतो : तिन्ही ग्रीक पुरुषनामे आहेत.

५/
पहिले नाव सिकंदर. मूळ ग्रीक ‘अलेक्सांद्रोस’. ‘अलेक्सेइन’ म्हणजे रक्षण करणे, संकट परतवणे. ‘आंद्रोस’ हे ‘अनेर’ म्हणजे पुरुष या शब्दाचे षष्ठीचे रूप. अर्थ : माणसांचा रक्षक. अरबीत शब्दाच्या आरंभीचा ‘अल्’ हा तेथल्या नित्याच्या उपपदासारखा भासला आणि उरलेल्या भागातून ‘इस्कंदर’ घडले. फारसीतून ते ‘सिकंदर’ होऊन हिंदुस्थानभर पसरले. म्हणजे नावाचा पहिला भाग गैरसमजातून तुटला, आणि त्या तुटलेल्या रूपातच ते जगज्जेत्याचे नाव म्हणून मिरवू लागले.

६/
दुसरे नाव अँड्र्यू, मराठी बायबलातील अंद्रिया. मूळ ग्रीक ‘आंद्रेआस’, त्याच ‘अनेर’पासून, अर्थ पुरुषार्थी, शूर. येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाचे हे नाव. गालीलच्या सरोवरावर मासे धरणाऱ्या या यहुदी माणसाचे नाव ग्रीक होते, आणि त्यामुळे तो कमी यहुदी ठरला नाही. उलट बाजूचा दाखला याच जिल्ह्यात आहे. काही काळ राहुरीत राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि अखेरपर्यंत ‘नारायण’च राहिले. नाव आणि धर्म यांची गाठ लोक समजतात तितकी घट्ट नसते.

७/
तिसरे नाव मिलिंद. मूळ ग्रीक ‘मेनांद्रोस’, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतील मिनँडर. उत्तरार्धात पुन्हा तोच ‘आंद्रोस’. पूर्वार्धाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात : ‘मेनोस’ म्हणजे बळ, आवेश, किंवा ‘मेनेइन’ म्हणजे टिकून राहणे, पाय रोवून उभे राहणे. ग्रीकांत हे नाव सर्रास होते. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये याच नावाचा मोठा सुखात्मिकाकार होऊन गेला. आपला मिनँडर इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, वायव्य हिंदुस्थानात राज्य करणारा.

८/
आता ‘परकी’ या शब्दाचे काय होते ते पाहा. ग्रीक ‘अनेर’ आणि संस्कृत ‘नृ’, ‘नर’ हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे वंशज आहेत. ग्रीक ‘मेनोस’ आणि संस्कृत ‘मनस्’ हेही सख्खे भाऊ. ‘मेनोस’ची व्युत्पत्ती स्वीकारली, तर ‘मेनांद्रोस’चे दोन्ही घटक ऋग्वेदातील ‘नृमणस्’ या विशेषणात उलट क्रमाने सापडतात. ते विशेषण इंद्रालाही लावलेले आहे. सिकंदरमधला ‘अंदर’, अंद्रियामधला ‘अंद्र’, मिलिंदमधला ‘इंद’ आणि नरेंद्रमधला ‘नर’ : हजेरीपटावरची ही चार मुले नावाने चुलत भाऊ आहेत.

९/
येथे हमखास येणारा आक्षेप : ‘मेनांद्रोस’चा ‘मिलिंद’ होईलच कसा? ‘न’चा ‘ल’ कोठून आला? उत्तर अंगणात उभे आहे. संस्कृत ‘निंब’ या झाडाला मराठी माणूस ‘लिंब’, ‘कडुलिंब’ म्हणतो. उलट दिशेचे उदाहरण शेतात आहे : संस्कृत ‘लांगल’चा मराठीत ‘नांगर’ झाला. ‘न’ आणि ‘ल’ यांची ही अदलाबदल आपल्या भाषांना नवी नाही. एकाच शब्दात दोन अनुनासिके जवळ आली की त्यांपैकी एक बदलण्याकडे जिभेचा कल असतो. लिंबाच्या सावलीत बसून नांगर धरणाऱ्याने तरी ‘मिलिंद’वर शंका घेऊ नये.

१०/
दुसरी पायरी : ‘न्द्र’चा ‘न्द’. पालीत चंद्राचा ‘चंद’ होतो, इंद्राचा ‘इंद’, महेंद्राचा ‘महिंद’. याचा सर्वांत सुंदर पुरावा खुद्द ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. तेथे राजा आपले जन्मस्थान ‘अलसंद’ सांगतो. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया, अलेक्सांद्रोसच्या नावाने वसलेल्या अनेक नगरांपैकी एक. ‘अलेक्सांद्र’चा ‘अलसंद’ ज्या नियमाने झाला, त्याच नियमाने ‘मेनांद्र’मधला ‘र’ गळाला. एकाच ग्रंथात एकच नियम दोन नावांना लागू पडतो, तेव्हा त्याला ओढाताण म्हणता येत नाही.

११/
मधली रूपेही उपलब्ध आहेत. राजाच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लेख आहे : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे तारणहार महाराज मेनंद्राचे (नाणे). बाजौर भागातील शिनकोट येथे मिळालेल्या धातुमंजूषेवरील लेखात ‘मिनेंद्र’ असे वाचले गेलेले रूप येते. महेंद्र, नरेंद्र या राजनामांच्या सवयीने शेवटचा भाग ‘इंद्र’कडे झुकला असावा. मेनांद्र, मिनेंद्र, मिलिंद : मधले दुवे जागेवर आहेत.

१२/
आणखी एक साक्ष. मिलिंदपञ्हात राजाच्या पदरी असलेल्या योनकांची, म्हणजे ग्रीकांची नावे येतात. त्यांपैकी ‘देवमंतिय’मागे देमेत्रिओस आणि ‘अनंतकाय’मागे अंतिओखोस हे नाव असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पाली लेखकाने ऐकलेल्या ग्रीक नावाला असा पेहराव दिला, की भारतीय कानाला त्यात ‘देव’ आणि ‘अनंत’ ऐकू यावेत. अनोळखी नावात ओळखीचा शब्द शोधणे ही लोकभाषेची जुनी खोड आहे. ‘मिलिंद’मध्ये भुंगा शोधणारी पुस्तिका नकळत तीच परंपरा चालवते.

१३/
मग भुंग्याचे काय? ‘मिलिंद’ हा भुंगा या अर्थाचा संस्कृत शब्द आहेच. तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न काळाचा आहे. अमरकोश उघडा. त्यात भुंग्याचे पर्याय दिले आहेत : मधुव्रत, मधुकर, मधुलिह, मधुप, द्विरेफ, पुष्पलिह, भृंग, षट्पद, भ्रमर, अली... या यादीत मिलिंद नाही. हा शब्द भेटतो तो उत्तरकालीन संस्कृत काव्यात. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडितांसारख्यांच्या हाती तो फुलतो. राजाचे नाव मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी पाली ग्रंथात लिहिले गेले होते.

१४/
अमरकोशात शब्द नाही म्हणून तो बोलीत नव्हताच, असे सिद्ध होत नाही. इतका सावधपणा इतिहासाच्या विद्यार्थ्याने ठेवावा. पण एवढे निश्चित, की राजाचे नाव भुंग्यावरून पडले असे म्हणायला आधार नाही. दोन वेगळ्या मुळांचे शब्द एकाच रूपात येऊन मिळाले, इतकेच. मराठीत ‘माळ’ म्हणजे हार आणि ‘माळ’ म्हणजे ओसाड उंच जमीनही. म्हणून ‘माळरान’चा अर्थ ‘हारांचे रान’ असा कोणी छापला, तर त्याला कोशकार म्हणतील का?

१५/
उलट बाजूच्या उत्साहालाही आवर हवा. महाराष्ट्रातील प्रत्येक मिलिंदचे नाव ग्रीक राजावरूनच ठेवले गेले, हे म्हणणेही खरे नाही. मुंबईच्या रणजी संघाचे कर्णधार राहिलेले मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा. या नावाचे महाविद्यालय निघण्यापूर्वीचा. पंडिती काव्याच्या संस्कारातून, नादाच्या गोडीतून, केवळ ऐकायला बरे वाटले म्हणूनही हे नाव ठेवले गेले आहे. एका नावाला दोन उगम असू शकतात. मात्र पुस्तिकेने दोन्ही छापावेत. एक छापून दुसरा लपवू नये.

१६/
आता दुसरा पक्ष : ‘आक्रमकाचे नाव’. यवनांनी स्वाऱ्या केल्या, हे खरे. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाचे उदाहरण म्हणून यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचा उल्लेख येतो. नुकत्याच घडलेल्या घटनेसाठी कोणते क्रियारूप वापरावे, हे सांगण्यासाठी. इतिहास झाकण्याची गरज नाही. पण त्याच इतिहासाचे पुढचे पान सह्याद्रीच्या लेण्यांत कोरलेले आहे. ते न वाचता निकाल देणे म्हणजे अर्ध्या कागदावर सही करणे.

१७/
नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा लेख पाहा. दाता आहे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त; उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा, योनक. ग्रीक म्हणून नोंदलेल्या माणसाचे नाव इंद्र आणि अग्नी यांच्यावरून! कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरली आहेत; त्यांतही ‘सिंहध्वज’, ‘धर्म’ अशी नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. यवन येथे आला आणि त्याने नाव येथले घेतले. अठराशे वर्षांहून अधिक काळाने मराठी मुलाने यवनाचे नाव घेतले, तेव्हा जुनी देवघेव पूर्ण झाली एवढेच.

१८/
त्या लेखातील ‘दत्तामित्री’ हे नगरनामही पाहण्यासारखे आहे. अभ्यासकांच्या मते त्यामागे ग्रीक राजा देमेत्रिओस आहे. देमेत्रिओस म्हणजे देमेतेर या धान्यदेवतेचा. भारतीय मुखात त्याचे ‘दत्तमित्र’ झाले. ऐकणाऱ्याला वाटावे, नाव जन्माने संस्कृत आहे. नाशिकच्या डोंगरात एका ग्रीक पुरुषनामाचे हे मराठी मुलखातले रूप आजही उभे आहे. जे नाव परके म्हणून आज हाकलायचे, ते येथल्या दगडात आधीच मुरलेले आहे.

१९/
बेलापूरशी याचा संबंध काय? बेलापूरवरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाजवळून जाते, प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते आणि गोदावरी पैठणला पोहोचते. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथला माल भडोचच्या बंदरात उतरतो. त्याच ग्रंथाची दुसरी नोंद : भडोचच्या बाजारात अपोलोदोतोस आणि मेनांद्रोस यांची जुनी नाणी अजून चालतात. ज्या बाजाराशी गोदाखोऱ्याचा व्यापार जोडलेला होता, त्या बाजारात मिलिंदाच्या नावाचे नाणे खुळखुळत होते.

२०/
पण मराठीत हे नाव नाण्यावरून आले नाही, ग्रंथावरून आले. हा फरक महत्त्वाचा. नाण्यांवरचा राजा अथेना देवीची प्रतिमा मिरवतो. प्लूटार्क सांगतो, की तो न्यायी होता, छावणीत मेला आणि त्याच्या अस्थींसाठी नगरांत भांडण झाले. शेवटी त्या वाटून घेतल्या गेल्या. मिलिंदपञ्हाच्या अखेरीस राजा राज्य पुत्राला देऊन संन्यास घेतो. पण ग्रंथाचे जे जुने चिनी भाषांतर आहे, ते पाली ग्रंथाच्या पहिल्या भागांशीच जुळते, पुढचे भाग नंतरची भर मानले जातात. ‘सम्राटाने सर्वस्व त्यागले’ असे ठोकून देण्याआधी एवढे लक्षात असावे.

२१/
आणि गंमत अशी, की या ग्रंथातला पहिला मोठा वाद नावावरूनच सुरू होतो. राजा भिक्खू नागसेनांना नाव विचारतो. ते सांगतात, की लोक नागसेन म्हणतात. आईबापांनी शूरसेन, वीरसेन, सिंहसेन असेही ठेवले असते. पण त्या नावामागे वेगळा असा कोणी ‘पुरुष’ हाती लागत नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन त्याच्या रथाबद्दल विचारतात : आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, लगाम? कोणताच भाग रथ नसतो. सारे एकत्र आले की त्या जुळणीला रथ म्हणतात. नाव हा व्यवहार आहे, हे राजाला पटते.

२२/
त्याच संवादात याहून मोलाची गोष्ट आहे. वादाला बसण्याआधी नागसेन एक अट घालतात : राजाने पंडितांच्या रीतीने बोलावे, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या वादात मुद्दे खोडले जातात, चूक दाखवली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. राजा अट मान्य करतो. ‘मिलिंद’ हे नाव ज्याचे म्हणून मराठीत आले, तो हा मिलिंद : प्रश्न विचारणारा, हरायला तयार असलेला, सत्ता बाजूला ठेवून बसणारा.

२३/
हा मिलिंद महाराष्ट्राच्या पूर्वीपासून ओळखीचा होता. र. द. वाडेकर यांनी संपादिलेली मिलिंदपञ्हाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. दहा वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालय झाले ‘मिलिंद’ आणि परिसर झाला ‘नागसेनवन’. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच आवारात. शिक्षणसंस्थेसाठी याहून नेमके नामकरण क्वचितच झाले असेल.

२४/
या नामकरणामागे काय पणाला लागले होते, हे कळण्यासाठी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय आठवावा. तेथे नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक, आणि शूद्राचे निंदासूचक असावे. दृष्ट लागू नये म्हणून कचरू, दगडू ही नावे सर्वच जातींत ठेवली जात, हे खरे. पण तो आईचा धाक होता. मनूचा नियम ही व्यवस्था होती. त्याच ग्रंथाने दहाव्या अध्यायात यवनांनाही क्रियालोपामुळे पतित झालेल्या क्षत्रियांत बसवले आहे.

२५/
बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब तेथे बोलले. वतनाच्या जमिनीवरील वाढीव जुडीचा प्रश्न होता. मुळात प्रश्न होता जन्माने गळ्यात पडलेल्या गावकामाचा. वतन हाही एक प्रकारे नावाचाच प्रश्न. माणूस काय करील, कोठे राहील, त्याला कोणत्या शब्दाने हाक मारली जाईल, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ नंतर.

२६/
याच वर्षांत आंबेडकरी घरांतून सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद ही नावे रुजू लागली. गायक प्रल्हाद शिंदे यांच्या घरातील आनंद आणि मिलिंद ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. ज्या व्यवस्थेने बळाचे नाव एका वर्णासाठी राखून ठेवले होते, तिच्या तळाशी ढकललेल्या समाजाने आपल्या मुलाला ‘पुरुषाचे बळ’ असा धात्वर्थ असलेले नाव दिले. तेही मनूने पतित ठरवलेल्या यवनाचे. बारशाला जमलेल्यांना ग्रीक धातू ठाऊक नसेल. पण आपले मूल प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव घेऊन शाळेत जाईल, हे मिलिंद महाविद्यालयाची ओळख असलेल्या घरांना ठाऊक होते.

२७/
म्हणून ‘मिलिंद म्हणजे भुंगा’ या उत्तरातली चूक कोशापुरती नाही. ते उत्तर हा सारा निर्णयच पुसून टाकते. महाराष्ट्रात नाव ही किरकोळ बाब कधीच नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे मेली. एका नावासाठी एवढी किंमत मोजलेल्या प्रदेशात नावाचा अर्थ सांगताना हात आखडता घेणे शोभत नाही.

२८/
आणि आता तिसरा पक्ष : नावावरून जात हुंगणारे. त्यांच्यासाठी पुरावा वर मांडलाच आहे. योनकाचे नाव इंद्राग्निदत्त असू शकते, ख्रिस्ती कवीचे नारायण, यहुदी कोळ्याचे ग्रीक, रणजी कर्णधाराचे आणि भीमगीते गाणाऱ्या गायकाचे एकच. नावावरून माणूस ओळखता येतो हा समज नागसेनांनी दोन हजार वर्षांपूर्वी एका रथाच्या साहाय्याने मोडीत काढला. राजाला ते एका बैठकीत कळले. भाड्याची खोली देताना आणि नोकरीचा अर्ज चाळताना पुष्कळांना ते अजून कळलेले नाही.

२९/
तेव्हा पुढच्या आवृत्तीत पुस्तिकाकारांनी एवढे छापावे. मिलिंद : (१) ग्रीक ‘मेनांद्रोस’चे पाली रूप, पुरुषाचे बळ, किंवा ठाम उभा राहणारा पुरुष. (२) मिलिंदपञ्हातील प्रश्नकर्ता राजा. त्यावरून औरंगाबादच्या महाविद्यालयाचे नाव. (३) उत्तरकालीन संस्कृतात भुंगा. जागा फार लागत नाही, तीन ओळी पुरतात.

३०/
ज्यांचे नाव मिलिंद आहे त्यांनी यांतला कोणता अर्थ घ्यावा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. नागसेनही हेच म्हणाले असते. या धाग्यावर वाद घालणाऱ्यांसाठी मात्र अट जुनीच आहे : पंडितांच्या रीतीने घालावा, राजांच्या नाही. (समाप्त)